मणेरणीचं खुराडं

आसियाचं लग्न कवठे महांकाळला झालं, ते साल २०२२. घरात ते साल लग्नापेक्षा शाहजादीच्या गुडघ्यांमुळं जास्त ध्यानात राहिलं. लेकीच्या लग्नाला आलेल्या बायकांना बांगड्या भरायला शाहजादी सकाळी मांडी घालून बसली, ती दुपारी उठेचना. शेवटी विहीणबाई आणि तिची जाऊ, दोघींनी काखांत हात घालून तिला उभी केली. हसूही झालं आणि लाजही वाटली.

उंब्रजला परत आल्यावर मुलगा सद्दाम म्हणाला, "अम्मी, बास झालं फिरणं. आता घरात बस."

"घरात बसून भिंतीला बांगड्या भरू व्हय रं?" शाहजादी म्हणाली.

ती जातीची मणेरीण. उंब्रजपासून औंधापर्यंत गावोगावच्या ओट्यांवर बसून तिनं हात भरले होते. कुणाच्या हाताला कुठलं माप, हे तिला बाईचं नाव विसरलं तरी आठवायचं. धंदा सुटला तर जेवणाची अडचण नव्हती, सद्दाम कमवत होता. पण तेवढ्या सगळ्या हातांवाचून दिवस कसा काढायचा, हे तिला समजत नव्हतं.

तिचा नवरा रहिमान. हायवेच्या कडेला ट्रकांच्या बॉड्या बांधण्यात त्याचा जन्म गेला. सरळ काम त्याला येत होतं, पण आवडत नव्हतं. शेळ्या न्यायला एकदा त्यानं दुमजली गाडा बांधला होता. वरच्या शेळ्या खालच्यांवर लेंड्या टाकायला लागल्या, तेव्हा त्यानं खालच्यांना छत्री बसवली, पण मजला काही काढला नाही.

त्यानं जुना तीनचाकी टेम्पो आणला आणि महिनाभर पडद्याआड ठोकाठोक केली. पडदा काढला तेव्हा शाहजादी मटकन बसायलाच निघाली होती, गुडघ्यांनी बसू दिलं नाही.

टेम्पोला पत्र्याची पेटी. पेटीच्या दोन्ही अंगांना वर काच, काचेला आतून बांगड्यांच्या गच्च रांगा. काचेखाली गोल गोल भोकांची रांग. प्रत्येक भोकाच्या काठाला ट्यूबचं रबर चिकटवलेलं. आत मधोमध सलूनवाल्याची मोडीत निघालेली फिरती खुर्ची. सगळ्याला पोपटी रंग.

"हे काय हाय?" शाहजादीनं विचारलं.

"तू खुर्चीवर बसायचं. बाया बाहेर उभ्या ऱ्हाणार, भोकातनं हात आत घालणार. तू फिरत फिरत भरायचं. मांडी न्हाई, उठबस न्हाई."

"आन् बाई?"

"बांगडी हाताला घालायची न्हवं? मग बाकीची बाई आत कशाला पायजे?"

"आवं, पण तोंड न्हाई दिसलं तर बोलू कुणासंगं? हात बोलतो व्हय?"

रहिमाननं यावर विचार केला नव्हता. तो म्हणाला, "खुर्ची फिरवून तरी बघ."

शेजारपाजारचे येऊन बघून गेले. कुणी कबुतरखाना म्हणालं, कुणी खुराडं. खुराडं हेच नाव टिकलं. शाहजादीनं मनाशी ठरवलं आणि नवऱ्याला सांगूनही टाकलं, "औंधाच्या जत्रंत एक दिस बसते. फजिती झाली तर हे भंगारात, आन् मी घरात. सद्दाम म्हणतो तसं."

पौषातली यमाईची जत्रा. टेम्पो उभा राहिला आणि गर्दी जमली, ती बांगड्यांसाठी नव्हे, हसायला. त्यात उंब्रजचाच दिग्विजय होता. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, तोंडानं मोकळा माणूस.

"चाचा, अंडी कितीला दिली?"

"कोंबडा आत घेत न्हाई आमी," रहिमान म्हणाला. लोक आणखी हसले, पण या वेळी दिग्विजयला.

तेवढ्यात एका शाळकरी पोरीनं गंमत म्हणून हात आत घातला. शाहजादीनं तो साबणाच्या पाण्यानं ओला केला, बोटं दाबली, लाल बांगड्या चढवल्या. हात बाहेर गेला. मग दुसरी पोर, तिसरी. खुर्ची फिरू लागली. ऊन लागत नव्हतं, अंगावर कुणी पडत नव्हतं, डबे कुणी उचकटत नव्हतं. शाहजादीला मनातून बरं वाटायला लागलं, पण तिनं ते रहिमानला कळू दिलं नाही.

आणि मग दिग्विजयच्या बायकोनं, क्रांतीनं, हात आत घातला. क्रांती अंगानं भरलेली. मोठ्यात मोठं माप. साबण लावून, दम धरून शाहजादीनं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, चांगल्या हातभर.

"झालं गं. काढ हात."

हात निघेना.

रहिमाननं भोकांना माप दिलं होतं ते सगळ्यांत मोठ्या बांगडीचं. पत्र्यावर बांगडी ठेवून आतून रेघ मारली आणि कापलं. जो हात बांगडीतून जातो तो भोकातून जाणारच, हा त्याचा हिशोब चोख होता. पोरींच्या बांगड्या बारीक, त्या सुटल्या. पण त्या मोठ्या मापाची बांगडी घातलेला हात त्याच मापाच्या भोकातून परत कसा यावा, हे त्या गृहस्थाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

क्रांतीनं ओढलं. आतून शाहजादीनं ढकललं. ओढाओढीत हात सुजला, आता बांगड्याही उतरेनात. आणि उतरल्या असत्या तरी देवीच्या दारात भरलेला हात लगेच रिकामा करायला क्रांती तयार नव्हती.

दिग्विजय पुढं आला. "एवढं काय त्यात? फोडा की बांगड्या! मी नव्या घेऊन देतो."

सगळ्या बायका एकदम ओरडल्या. एक म्हातारी त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "अरं लेका, तोंड आवर. त्या तुझ्याच नावाच्या हायत."

दिग्विजयनं बायकोच्या हाताकडं बघितलं, मग देवळाच्या शिखराकडं बघितलं. त्याचा आवाज खाली आला. "मग चाचा, टेम्पो फोडा."

रहिमाननं पत्रा कापायची कातरी आणली. शाहजादीनं आतून आपली ओढणी ओली करून क्रांतीच्या हाताभोवती गुंडाळली. रहिमान पेटीच्या खालच्या कडेपासून भोकाकडं कापत चालला आणि प्रत्येक कचकचीला दिग्विजय, "हळू, चाचा, हळू," म्हणत होता, जणू कातरी त्याच्याच मानेवर आली होती. पत्रा दुमडला. हात खालून अलगद सुटला. एकही बांगडी वाढली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्विजयनं घाम पुसला. शाहजादीनं मात्र खुर्ची फिरवायची थांबवली. फजिती झाली होती. सौदा ठरला होता तसा ठरला होता.

दिवस कलला. कापलेल्या पत्र्याच्या धारेनं कुणाला लागू नये म्हणून तिनं ओढणी तिथं टांगली आणि डबे बांधायला घेतले. तेव्हा ओढणीखालून एक हात आत आला.

सुरकुतलेला हात. मनगटावर गोंदलेलं तुळशीचं झाड, करंगळी जराशी वाकडी. शाहजादीनं तो नवरीच्या दिवसापासून भरला होता. औंधाच्या शकुंतलाबाईचा हात. नवरा गेल्यापासून तो बांगड्यांपुढं आला नव्हता. बाई ओट्यावर शेजारी बसायची, दुसऱ्यांचे भरताना बघायची.

शाहजादीनं नाव घेतलं नाही. हळूच विचारलं, "कुठला रंग?"

 बोट वर वळून काचेच्या हिरव्या रांगेवर टेकलं.

तिनं दोनच भरल्या, बाहीत लपतील अशा. हात लगेच गेला नाही. शाहजादीची बोटं धरून थोडा वेळ तसाच राहिला. मग ओढणीखालून, कापलेल्या वाटेनं, काहीच न अडता निघून गेला.

रहिमाननं मागून विचारलं, "कोण हुतं गं?"

"हात हुता."

"तसं न्हवं, कुणाचा?"

"तुमीच म्हनला न्हवं, बाकीची बाई कशाला पायजे?"

रहिमान मग घाबरत म्हणाला, "भंगारवाल्याला उद्याच सांगू का?"

"उद्या सगळी भोकं खालनं कापा. आन् प्रत्येकाला पडदा लावा. जाड कापडाचा."

"पडद्यानं तोंडं तर अजिबातच दिसायची न्हाईत."

"तेच पायजे," शाहजादी म्हणाली.

तेव्हापासून खुराडं गावोगाव फिरतं. सद्दाम सुट्टीच्या दिवशी चालवतो आणि लाजतो. पडद्याआडून कुणाकुणाचे हात येतात, ते शाहजादीनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मध्ये नवऱ्यामागं पाळायचे इद्दतीचे महिने ती घरात होती. त्यानंतर पहिल्यांदा औंधाला गेली, तेव्हा तुळस गोंदलेला हात आत आला. त्यानं बांगडी मागितली नाही. नुसता तिचा मोकळा हात धरून बसला.

रहिमान मणेर २०२४ च्या मे महिन्यात, उंब्रजच्या घरी, दुपारच्या झोपेत वारला.