इंदुबाईसाठी गाभोळी

चामोर्शीकडच्या त्या गावात धानाची रोवणी ऐन भरात होती. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून गोकुळा घरी आली, तेव्हा तिला पाठ सरळ करता येईना. पाय न धुताच ती ओट्यावर टेकली. तेवढ्यात तिचा नवरा हेमराज ओली पिशवी घेऊन आला.

"तलावाच्या सांडव्यावर गावली. रोहू आहे. पोट पाह्य, अंड्यानं भरलं."

गोकुळाने डोळे मिटले. "आज वरण-भात नसता चालला?"

"बाईनं सोताच्या तोंडानं मांगतलं सकाळी."

ते खरं होतं. पाय मोडून खाटेला खिळल्यापासून हेमराजची आई, इंदुबाई, ताट आलं की तोंड फिरवायची. आज मात्र म्हणाली होती, माशाच्या अंड्यांची गाभोळी खावीशी वाटते.

गोकुळा उठली. खवले काढले, पोट चिरलं. चिखलपाण्याने फुगलेल्या बोटांना काही कळत नव्हतं. विळीचं पातं जरा खोल गेलं आणि पित्ताची पिशवी फुटली. हिरवं कडू पाणी गाभोळीवर पसरलं. तिने मीठ चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं. फेकावी तर दुसरी आणायची कुठून? कांदा परतून, हळद-तिखट टाकून तिने ती मंद आचेवर शिजवली आणि चिंच जरा जास्तच घातली. तुकड्यांचा रस्सा वेगळा केला.

इंदुबाईने वाटीभर गाभोळी हळूहळू खाल्ली. वाटी बोटाने पुसून घेतली. दारात उभा हेमराज हसला. "पाह्य, खाल्लं ना!" असं म्हणत तो जाळं वाळत घालायला अंगणात गेला.

मग गोकुळाने आपल्या भातावर थोडी घेतली. पहिल्याच घासाला कडूपणा घशापर्यंत चढला. ती तशीच खाटेपाशी गेली.

"बाई, कडू लागली नाई तुमाले?"

"कडू होती का?"

"जहर होती."

इंदुबाई छताकडे पाहत राहिली. "मले कायचीच चव कळत नाई, पोरी. बरेच दिस झाले. मीठ नाई, तिखट नाई."

"मंग गाभोळीच काऊन मांगतली?"

"हेमराज रोज तोंड पाडून बसते इथी. म्हनलं, याले काई काम सांगाव. अन् ते रवाळ जिभेले लागते, तेवढं कळते. त्याले नोको सांगू."

गोकुळाला राग आला. हिने काम सांगितलं मुलाला, आणि पडलं कोणावर? पण भांडायला अंगात काही उरलं नव्हतं. म्हातारीच्या गालांची हाडं वर आली होती. गोकुळा परसात गेली आणि उरलेली गाभोळी तिने खड्ड्यात टाकून माती लोटली.

हेमराज जेवायला बसला. "अंडी कुठी आहेत?"

"संपली. बाईनं खाल्ली सगळी."

"सगळी?"

"सगळी."

तो रस्सा-भात आनंदाने ओरपू लागला. खाटेकडे वळून ओरडला, "बाई, उद्या अजून आणतो!"

"आण," इंदुबाई म्हणाली.

गोकुळाने भिंतीला पाठ टेकली. नको म्हणायला तोंड उघडलं, पण आधी जांभईच आली.