जयवंतरावांची सरळ ओळ

निवृत्त झाल्यावर जयवंतरावांनी घरात पहिलं काम काय केलं, तर मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले. हळद गेली पार शेवटी. तिथवर हात पोचेपर्यंत प्रेमाकाकूंची फोडणी करपली. काकूंनी डबे ठेवून घेतले आणि नवरा बाहेर काढला.

फिरत फिरत नवरा पोचला आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या जुन्या पंपरूममध्ये. तिथे दुपारी नंदाताई गोधड्या शिवायला शिकवतात. ताई बीडकडच्या, हात आईचा, जीभ स्वतःची. बायका गोधडीभोवती मांडी घालून बसतात आणि टाके घालता घालता आख्खी बिल्डिंग उसवून ठेवतात. विम्याच्या ऑफिसात ज्यांना पाहून लोक गप्प व्हायचे, त्या जयवंतरावांना इथे कुणीतरी "सरका हो जरा" म्हणालं आणि माणूस चक्क खूश झाला. रोज सगळ्यांच्या आधी हजर.

अडचण एकच. त्यांचा धावदोरा नागमोडी जायचा आणि नंदाताई तो रोज उसवायच्या.

"जयवंतराव, गोधडी लग्नात आहेराला जायचीय. आज ओळ सरळ आली नाही, तर उद्यापासून तुम्ही घरी."

"घरी नको!" जयवंतराव असे ओरडले, की शेजारच्या चंपाच्या हातातली सुई पडली.

त्या दुपारी ते चहालाही उठले नाहीत. मान खाली, जीभ बाहेर. गोधडी मांडीवर ताणून धरली आणि काय सांगावं, ओळ आली! नंदाताईंनी बोट फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. खोट सापडेना, तेव्हा जरा नाराजच झाल्या.

"झकास. उठा, चहा घ्या."

जयवंतराव उठले. गोधडीही उठली.

"अय्या! लेंग्यासकट शिवली की यांनी!" चंपा किंचाळली.

नंदाताईंनी कात्री उचलली. "थांबा, दोरा कापते."

"ओळीला हात लावायचा नाही! लेंगा कापा."

"पार मांडीपर्यंत? इथे?"

मग वरात निघाली. मध्ये जयवंतराव, कोपरे धरून बायका, मागून कात्री घेऊन नंदाताई. वॉचमनने सलाम ठोकला. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही. लिफ्टमध्ये गोधडी मावेना, म्हणून जिन्याने.

प्रेमाकाकूंनी दार उघडलं. "अगो बाय माझे! ह्या काय घालून इलात?"

"आधी ओळ बघ. सरळ आहे ना?"

काकूंनी वाकून बघितली. नवऱ्याचं कौतुक करायची सवय नव्हती, म्हणून "कात्री द्या" एवढंच म्हणाल्या. बायकांनी भिंतीकडे तोंडं केली. लेंगा कापला गेला. तुकडा गोधडीला चिकटून राहिला आणि जयवंतराव आत पळाले.

नंदाताई गोधडी उलटीपालटी करत बसल्या. "तुकडा काढला तर ओळ जाते. ओळ ठेवायची, तर माणूसही ठेवावा लागणार."

"ठेवा हो, ठेवा," काकू घाईने म्हणाल्या. "हे तुमच्याकडे असले की माका दुपारची झोप लागता."

त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. जयवंतराव नव्या लेंग्यात दाराआड उभे. बाहेर यायचं धाडस होईना.

"सरका गं, त्यांना बसू द्या," नंदाताई म्हणाल्या. "आणि काय हो, उद्या येताना एक लेंगा जास्तीचा आणा."