गुडघा बरा आहे

हॅलोवेलने भिंतीवरच्या फळ्यावरून नावांच्या दोन चुंबकी पट्ट्या उपटल्या आणि डोनटचा खोका बाजूला सारून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. फेटू. प्रूइट.

"दोन आजारी," तो म्हणाला, "आणि खाट एकच."

त्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सगळा कारभार त्याच्या हातात होता. ऑगस्ट संपत आला की माणसं छाटायचे दिवस येत, आणि त्या दिवसांत तो विशेष खुशीत असे. समोर उभा असलेल्या स्टॅन वॉयचिकची हयात खेळाडूंचे घोटे बांधण्यात आणि गुडघे चोळण्यात गेली होती. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घालून दिलेली. तिच्यावर एक डॉलरही चढवायची सोय नव्हती. फेटूचा खांदा निखळला होता, पण तो तेवीस वर्षांचा, आणि त्याच्यासाठी तीन वर्षांचा करार तयार होता. ओर्लँडो प्रूइट बत्तीसचा. त्याचा गुडघा इथेच, सरावात फाटला होता.

"जखमी माणसाला काढलं तर त्याचा वर्षाचा पगार आपल्या बोकांडी बसतो," हॅलोवेल म्हणाला. "तो मर्यादेतही धरतात. मग फेटूला द्यायला उरलं काय? पण प्रूइटने स्वतः 'मी तंदुरुस्त आहे' म्हणून सही केली, की आजच त्याला फुकटात नारळ. सुंठीवाचून खोकला गेला."

"गुडघा बरा नाहीये, साहेब. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टरांची सही झालीय. राहिला प्रूइट. दुखत असेल तर तो सांगेल की! मी का त्याचं तोंड दाबून धरलंय?"

कुठला फुटबॉलवाला आपणहून दुखतंय म्हणतो? हे त्या दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

तपासणीच्या खोलीत प्रूइट पाय हलवत बसला होता. एका जागेसाठी दोघांचा विचार चाललाय, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. जो धडधाकट दिसेल तो राहील, हे पुढचं त्याने आपल्याच मनाने जोडून टाकलं होतं. त्याच्या एजंटचं विमान शिकागोत अडकलं होतं, आणि मी येईपर्यंत कशावर सही करू नकोस, असा निरोप आला होता.

"काय म्हाताऱ्या, चेहरा का पडलाय? कोणी मेलं का?"

"तुझा एजंट येऊ दे. मग करू तपासणी."

"का? उडी तो मारणार आहे?"

हॅलोवेल दाराला टेकून उभा होता. वॉयचिकने गुडघ्याच्या आतल्या अंगाला अंगठा दाबला, जिथे दाबायला नको होतं नेमकं तिथेच. प्रूइटची मांडी ताठली. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"दुखतंय?"

"छे."

"ओर्लँडो, नीट विचार करून सांग."

"नऊ वर्षं तूच सांगत आलास ना, गुडघ्याला काय विचारायचं, तो जात्याच रडका? आता तुलाच त्याचा पुळका आला होय?"

हॅलोवेल मोठ्याने हसला. वॉयचिकला स्वतःचीच शिसारी आली. 'सही करू नकोस', एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, पण बोललं की नोकरी गेली. त्याने उडीसाठीचा लाकडी खोका पुढे सरकवला.

प्रूइट एका पायाने खोक्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला. मग वरून त्याच पायावर उडी मारून झोकांडी न जाता उभा राहिला. कपाळावर घाम तरारला होता. "बायकोला फोन करायला पाहिजे," तो हसत म्हणाला, "पोरांना घेऊन माहेरी जायची तयारी करून बसलीय बिचारी." कागदावर त्याने उभ्या उभ्याच सही ठोकली, चाहत्यांना देतात तशी ऐटीत.

"वा! याला म्हणतात गडी," हॅलोवेलने हात मिळवला. "दहा मिनिटांनी वर ये. आणि हो, येताना टॅबलेट घेऊन ये."

संघाचे सगळे डावपेच त्या टॅबलेटमध्ये असतात. तो परत मागितला म्हणजे काय, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळतं. प्रूइटचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने सहीच्या कागदाकडे पाहिलं, मग वॉयचिककडे.

"तुला ठाऊक होतं."

वॉयचिकने मान खाली घातली.

प्रूइट खुर्चीत बसला. बसला कसला, पडलाच. दोन्ही हातांनी त्याने गुडघा आवळून धरला.

"स्टॅन, दुखतंय रे. मरणाचं दुखतंय."

इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. वॉयचिक सवयीने वळला, यंत्रातला बर्फ पिशवीत भरला, तिचं तोंड बांधलं आणि गुडघ्याशी वाकला.

"स्टॅन," हॅलोवेल दारातूनच म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "धडधाकट माणसाला बर्फ कशाला? उद्या त्याचा वकील विचारेल, मग उपचार कशावर केलेत?"

वॉयचिक तसाच वाकून राहिला. मग त्याने पिशवीची गाठ सोडली आणि बर्फ बेसिनमध्ये ओतला.