आडव्या वाऱ्यातली जागा

चौथी जागा आपलीच, हे हिस्केने इतकी वर्षं गृहीत धरलं होतं की त्याचा विचारसुद्धा ती करत नसे. लांब पल्ल्याच्या आइस स्केटिंगचा त्यांचा बायकांचा संघ चौघींचा. बाउक्ये शेवटच्या फेरीत सुसाट सुटणारी, दोघी जणी पुढे पळालेल्या स्पर्धकांचा पाठलाग करणाऱ्या, आणि हिस्के वाऱ्यात पुढे राहून तिघींना आडोसा देणारी. दिवसा ती दुधाचा टँकर चालवायची आणि संध्याकाळी सायकल. उन्हाळ्यात त्यांच्या फ्रीसलंड प्रांतात बर्फ कुठून आणणार? मग सगळे स्केटवाले सायकलीवर. मांड्या त्याच, दम तोच, वाकून वाकून कमरेचा काटा ढिला होणं तेही तेच. जानेवारीत ऑस्ट्रियातल्या गोठलेल्या तळ्यावर कोण टिकणार ते ऑगस्टात समुद्राच्या बांधावर कळतं, असं वीब्रेन म्हणायचा. वीब्रेन म्हणजे त्यांचा प्रशिक्षक. साठी उलटलेला, तोंडाने फटकळ, कायम मोपेडवरून मागे मागे येणारा.

यंदा त्याने एक पाचवी आणली. यिल्दाव. कॉलेजात शिकणारी, हाडकुळी, सायकल भावाची आणि तीही एक माप मोठी.

"ही कोण?" हिस्केने विचारलं.

"पोरगी आहे," वीब्रेन म्हणाला. "आज तुमच्याबरोबर येईल. संघ संध्याकाळी सांगतो."

झालं! संध्याकाळी सांगतो? आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं. हिस्केचा गुडघा दोन हिवाळ्यांपासून कुरकुरत होता, ते याला कळलं की काय? संघ गेला तर हिवाळ्यात तिच्याकडे टँकर आणि टीव्ही एवढंच उरणार होतं. नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा ती एवढी घाबरली नव्हती, हे तिने बाउक्येला मागे एकदा सांगितलं होतं आणि ते खरंच होतं.

"म्हातारे, तोंड का पाडलंस?" बाउक्ये म्हणाली. "चल, आम्हाला वाऱ्यातून ओढ."

बांधावर वारा डावीकडून होता, समुद्रावरून, मेंढ्यासुद्धा पाठ फिरवून बसल्या होत्या. असा आडवा वारा असला की सायकली एकामागे एक राहत नाहीत. जी ती पुढचीच्या उजव्या कुशीत शिरते, तिरपी रांग होते. रस्ता अरुंद. पुढची जर डाव्या कडेने चालली, तर मागे चौघी मावतात. ती मधून चालली, तर तिघीच. उरलेली गवताच्या काठावर, सगळा वारा अंगावर घेत. तिथे भलेभले पाच मिनिटांत गळून मागे पडतात. शर्यतीत दुसऱ्या संघाला असंच मारतात, त्यात पाप काही नाही.

पुढे हिस्के. शेवटी यिल्दाव.

आता हिस्केला लगेच दुष्ट म्हणायची घाई करू नका. तिने बराच वेळ डावी कड सोडली नाही. पण एकदा वळून पाहिलं, तर पोरगी आरामात आडोशाला बसलेली, चेहऱ्यावर घाम नाही. हिस्केच्या डोक्यात तिडीक गेली. मी इथे फेस गाळतेय आणि ही बया माझ्याच सावलीत बसून माझी जागा खाणार! ती अर्धा हात उजवीकडे सरकली. बस्स, एवढंच.

"हिस्के, डावीकडे हो!" बाउक्ये ओरडली. "पोरगी गवतात गेली!"

वाऱ्यात कुठे काय ऐकू येतं! हिस्केने एक गिअर वाढवला.

पंपघर गेलं, मेंढ्यांचं फाटक गेलं. आता गळली असेल, आता गळली असेल, असं म्हणत तिने मान वळवली नाही. गुडघा ठणकत होता, तरी बंदरापर्यंत पुढची जागा तिने कुणाला दिली नाही. असं तिने आयुष्यात चालवलं नव्हतं.

बंदरावरच्या हॉटेलपाशी उतरली आणि मोजलं. एक, दोन, तीन, आणि चौथी यिल्दाव. मेंढ्यांच्या लेंड्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत माखलेली, ओठ निळे पडलेले. ती सायकल टाकून गवतात ओकली, तोंड पुसलं आणि हिस्केसमोर येऊन उभी राहिली.

"पुढच्या वेळी मीही जागा देणार नाही," ती म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.

बाकीच्या कॉफी आणि साखरेचा पाव मागवायला गेल्या. वीब्रेनने मोपेड भिंतीला लावली.

"तुझ्या जागी पोरगीला घेतोय," तो म्हणाला.

"मी गवतात घातलं म्हणून?"

"दुसऱ्या संघातल्या कुणाला घातलं असतंस तर तुला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. काय चालवलंस गं आज!"

"मग?"

"अगं, ती गळली नाही ना! आडोसा नाही, चाक गवतात, तोंडात लेंड्या, आणि तरी शेवटपर्यंत तुझ्या मागे. वाऱ्यात ती एकटी टिकते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला नुसती तुम्हाला दाखवायला आणली होती, पुढच्या वर्षासाठी."

"आणि संघ संध्याकाळी सांगतो म्हणालास ते?"

"तिचं मन मोडू नये म्हणून." वीब्रेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "नाव तुझंच होतं, हिस्के. कालच फोन करून कळवणार होतो, कंटाळा केला."

हिस्के भिंतीला टेकून खाली बसली. आधी तिला हसूच फुटलं, मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"अर्धा हात," ती म्हणाली. "अर्धा हात डावीकडे राहिले असते तर!"

वीब्रेनही तिच्याशेजारी खाली बसला.