कुरडयांची राखण

होळीच्या दिवशी डब्यातली शेवटची कुरडई तळली. तेलात फुलण्याआधीच तिचे दोन तुकडे झाले. माझी पत्नी वत्सला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने त्या कुरडया केल्या होत्या. दोन वर्षं मी त्या पुरवून पुरवून खाल्ल्या. डबा घासून ओट्यावर पालथा घातला. येता-जाता तो तसा पालथा दिसायचा. मग एके दिवशी, बहुधा तो तसा दिसू नये एवढ्याचसाठी, मी गहू भिजत घातले.

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत पूर्वी चैत्रात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. आता बहुतेकजणी फोनवरून कुरडया मागवतात. त्यात चूक काही नाही, सगळ्या नोकऱ्या करतात. पूर्वीच्या त्या दिवसांत माझ्याकडे एकच काम असायचं, राखणीचं. बायका खाली चीक शिजवायच्या, वर आणून कुरडया घालायच्या आणि निघून जायच्या. मी टाकीच्या सावलीत काठी आणि पुस्तक घेऊन बसायचो. माझ्या राखणीत कावळ्याने एकही कुरडई नेली नाही. आयुष्यात एवढी एक गोष्ट आपण धड केली, असं मला वाटत आलं आहे.

खाली स्वयंपाकघरात काय चालायचं, ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून पाककृतींचं एक पुस्तक आणलं आणि त्याबरहुकूम निघालो. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, मग ते वाटून गाळले आणि चीक रात्रभर निवळत ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं. इथवर जमलं. पुढे लिहिलं होतं की उकळत्या पाण्यात चीक बारीक धारेने सोडावा आणि त्याच वेळी सतत ढवळत राहावं. कोणी सोडावा आणि कोणी ढवळावं, ते लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने घरात दोन माणसं धरली असावीत.

चिकाला आंबूस वास यायला लागला होता. आज शिजवला नाही तर उद्या तो टाकूनच द्यावा लागणार होता.

समोरच्या घरात नवसाबाई राहतात. मूळच्या देवळ्याकडच्या. मुलगा आणि सून रोहिणी सकाळीच अंबडला कंपनीत जातात, मग दिवसभर त्या एकट्या. वत्सलाबरोबर कुरडया करायला त्याच असायच्या. तेव्हा त्यांना हाक मारणं सगळ्यात सोपं. पण हाका मारायचं काम आमच्याकडे वत्सलाचं होतं. ती गेल्यापासून मी त्यांच्याशी ‘पाणी आलं का’ यापलीकडे बोललेलो नाही. त्या घरात एकट्या, मी इकडे एकटा. बेल वाजवायची आणि म्हणायचं काय? दोनदा दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा बेलवर बोटही ठेवलं, पण आतून खोकल्याचा आवाज आला तसा परत फिरलो.

शेवटी चिकाचे दोन भाग केले. एक बिघडला तरी दुसरा राहील, असा हिशेब. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात लाटणं. धार सांभाळायला गेलो की ढवळणं थांबे, ढवळायला गेलो की धार भसकन पडे. बघता बघता लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या आणि तळ लागला. करपल्याचा वास जिनाभर पसरला असणार.

उरलेल्या अर्ध्या चिकाकडे बघत बसलो. हाही वाया गेला तर पुन्हा गहू भिजवायचं बळ आपल्यात येणार नाही, हे मला ठाऊक होतं. डबा पालथाच राहील, मग फडताळात जाईल. तसाच उठलो, हातही धुतले नाहीत, आणि बेल वाजवली.

नवसाबाईंनी दार उघडून आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

“करपलं ना?”

“अर्धा.”

“अर्धा तरी ठेवला.” त्यांनी पदर खोचला. “चला. दोन्ही दारं उघडी राहू द्या.”

ओट्याशी त्यांनी लाटणं घेतलं आणि पातेलं मला दिलं. माझी धार त्यांना पसंत पडेना. वत्सला दोऱ्यासारखी बारीक धरायची, म्हणाल्या. ढवळता ढवळता त्यांनी सांगितलं की दोन उन्हाळे त्यांनीही काही घातलेलं नाही. सुनेला वेळ नाही, आणि हे काम एकटीचं नाही. मी म्हणालो, मला सांगायचं. त्यावर त्या म्हणाल्या, पुरुषमाणसाला कुरडया करायला कोण बोलावतं.

हे खरंच होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, निदान राखण तरी केली असती. माझ्या राखणीत एकही कुरडई गेलेली नाही.

नवसाबाई हसायला लागल्या.

“भाऊ, तुमचं डोकं पुस्तकात. कावळा मांडीवर बसला असता तरी कळलं नसतं. वैनी अन् मी पाळीपाळीनं जिन्यात बसायचो. दाराआडून खडे मारायचो.”

“मला कधी सांगितलं नाही.”

“वैनी म्हनायच्या, सांगू नका. लय मन लावून बसत्यात.”

माझी धार तुटली.

“ओता,” त्या म्हणाल्या. मी ओतू लागलो.

चीक चकाकायला लागल्यावर त्यांनी झाकण ठेवून वाफ आणली. गच्चीचा जिना आता गुडघ्यांना होत नाही, असं सांगून सोऱ्या माझ्या हाती दिला आणि त्या घरी गेल्या.

वत्सलाचं जुनं सुती पातळ गच्चीवर अंथरून मी कुरडया घातल्या. वाकड्यातिकड्या, कुठे मध्येच तुटलेल्या. एवढ्या मोठ्या गच्चीवर तेवढं एकच पातळ होतं. मग टाकीच्या सावलीत जाऊन बसलो. पुस्तक मुद्दामच आणलं नव्हतं. नजर पुन्हा पुन्हा जिन्याच्या दाराकडे जात होती. दार अर्धवट उघडं, मागे अंधार. इतकी वर्षं तिथे ती बसलेली असायची आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. दुपारभर पायरीवर बसून तिला कंटाळा येत नसे का, हे विचारायलाही आता कोणी नव्हतं.

ऊन चढलं. डोळा लागला असावा. टाकीवर टक्कन आवाज झाला आणि मी दचकून जागा झालो. पातळाच्या काठावरून कावळा उडाला. एक खडा घरंगळत माझ्या पायाशी आला.

मागे जिन्यात चपला वाजल्या. कोणीतरी कठड्याला धरून, जपून पायरीवर बसलं.

मी मान वळवली नाही. काठी मांडीवर घेतली आणि राखण करत बसलो.