मापांची वही

मतदार यादीतून आमच्या गल्लीतल्या एकतीस बायका गायब! शेरा काय, तर 'घर सोडून गेल्या'. माझं डोकंच फिरलं. मी शिंपीण, सगळ्यांची मापं माझ्या वहीत, तारखेसकट. सगळ्यांना घेऊन निवडणूक कार्यालय गाठलं आणि वही साहेबांपुढे आपटली. "गेलेल्या बायका माप द्यायला येतात होय?"

साहेब नाव, तारीख मोठ्याने वाचू लागले. पुढे कंबरही वाचणार, तोच माझ्या जाऊबाई ओरडल्या, "अहो, आकडे मनात वाचा!"

शेवटच्या पानावर साहेब थबकले. "ही तर माझी बायको!"

"तुमच्या यादीप्रमाणे तीही घर सोडून गेलीय."

साहेबांनी घाईघाईने अर्ज ओढला. "आधी हिचं नाव घालतो."

रांगेच्या टोकाकडून बाईसाहेब कडाडल्या, "काही नको! माझा नंबर एकतिसावा आहे."