पाइनमधली गोळी

व्हर्नाने मेणबत्तीचं थोटूक कढईतल्या वितळलेल्या शिशात टाकलं आणि ती एक पाऊल मागे सरली. भस्सकन ज्योत उठली, शेडभर धूर झाला. तिने पळीने तळापासून ढवळलं, मेणामुळे वर आलेली काळी घाण काढून डब्यात झटकली. खालचं शिसं आरशासारखं चकाकत होतं.

"चर्चमधली मेणबत्ती ना ही?" दारातून आवाज आला. "आपली नाताळची मेणबत्ती कुठे जळतेय, ते पाद्रीबाबांना माहीत आहे का?"

"दर हिवाळ्यात त्यांच्या फ्रीजरमध्ये माझ्या एल्कचं मांस असतं. त्यांना सगळं माहीत आहे. दार उघडंच ठेव एमेट, धूर जाऊ दे."

एमेट तिचा दीर, डेलचा धाकटा भाऊ. टेकडीपलीकडे राहायचा. ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी, शिकारीचा मोसम उघडण्याआधी, तो आपला साचा घेऊन येई आणि वर्षाच्या गोळ्या इथे ओतल्या जात. पूर्वी या शेडमध्ये तिघं असायची. तेव्हा पेट्रोल पंपावरचा माणूस जुन्या चाकांची शिशाची वजनं बादलीभर फुकट द्यायचा, आणि गावातला छापखाना बंद पडला तेव्हा डेलने तिथले अक्षरांचे खिळे पोत्याने उचलून आणले होते. त्या खिळ्यांनी शिसं कडक होई. डेल गेला, पंपावरचा माणूस गेला, पोत्याच्या तळाशी खिळे मात्र अजून होते.

एमेटने बादली खाली ठेवली, पण साचा काढला नाही. खिशातून तंबाखूची चपटी डबी काढून तिच्यासमोर बाकावर ठेवली.

"पाइन पडलं," तो म्हणाला.

व्हर्नाचा हात थांबला.

"ऑगस्टातल्या वादळात. मुळासकट. जळणासाठी कापलं, तर करवतीला हे लागलं."

कोणतं पाइन ते विचारायची गरज नव्हती. कितीतरी वर्षांपूर्वी वरच्या घळीत, पहाटेच्या धुक्यात, ती आणि एमेट शेजारी शेजारी गुडघ्यावर बसली होती आणि दोघांनी एकाच वेळी चाप ओढला होता. एकच बार झाला, असं मागे उभा असलेला डेल शेवटपर्यंत म्हणायचा. सांबराहून थोराड असा तो एल्क चार ढांगांत कोसळला. अंगावर आत जाणारं भोक एक, बाहेर पडणारं एक. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची ती जड, चपट्या नाकाची, कडक गोळी जनावरात थांबतच नाही, आरपार जाते. तो उभा होता त्याच्या मागच्या पाइनच्या सालीत रक्ताने आणि केसांनी माखलेलं भोक सापडलं. दुसरी गोळी कुठे गेली कोण जाणे.

एमेट तेव्हाच कुऱ्हाड आणायला निघाला होता. डेलने अडवलं. उभं, जिवंत झाड भांडणापायी तोडायचं नाही. झाड आपणहून पडेल तेव्हा गोळी बघा. ती ज्याच्या साच्यातली असेल त्याची शिंगं, कायमची. तोवर एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे.

तेव्हापासून ती सहा फाट्यांची शिंगं टेकडीच्या या अंगाहून त्या अंगाला जात होती, याच शनिवारी. त्यांच्याबरोबर एमेट येई, जेवे, टोमणे मारी, डेलच्या गोष्टी काढी. एरवी दोघांचीही वर्षं शांत जात. फार शांत.

"बघ तर," एमेट म्हणाला. "माझा चष्मा घरी राहिला."

तिने डबी उघडली. पांढुरकी पडलेली गोळी, नाक थोडं चेपलेलं, बुडाशी लाकडाचे तंतू. ती खिडकीशी गेली. पहिल्याच वर्षी तिने आपल्या साच्यात अडकलेली गोळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली होती आणि आतल्या कडेला टवका पाडला होता. डेल महिनाभर हसत होता. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गोळीच्या कमरेभोवतीच्या खाचेत मोहरीएवढी पुळी उठायची. एमेटच्या साच्यातून गोळी गुळगुळीत निघे.

तिने नखाने खाचेतले तंतू काढले. नख अडकलं. पुळी होती.

"काय?" एमेटने विचारलं. तो भिंतीकडे बघत होता. तिथे शिंगं होती. यंदा ती त्याच्याकडे जायची पाळी.

व्हर्नाने पुन्हा एकदा गोळीवरून नख फिरवलं.

"इतकी चेपलीय," ती म्हणाली, "काही कळत नाही बाई."

"काहीच नाही?"

"तुझा नेम तेव्हा जसा होता, त्यावरून माझीच असणार. पण पुरावा नाही."

"माझा नेम! रेल्वेचा डबा तरी लागायचा का गं तुला?"

तिने गोळी कढईच्या काठावर ठेवली. इतकी वर्षं झाडात राहिलेल्या शिशात ओल असते, आणि ओलं काही तापल्या शिशात पडलं की सगळं तोंडावर उडतं. ते आधी वाळू द्यावं लागतं. दोघं उभी राहिली. तंतू काळे पडले, एक बारीक धुराची रेघ निघाली. एमेटचा हात पुढे आला नाही. मग तिने पळीच्या टोकाने गोळी आत लोटली. ती क्षणभर तरंगली आणि वितळली.

"आण तुझा साचा," ती म्हणाली. "कढई गार होतेय."

मग दुपारभर काम चाललं. ती ओतायची, तो लाकडी हातोडीने साच्यावरची पट्टी ठोकून तो उघडायचा, गोळ्या जुन्या टॉवेलवर टपटप पडायच्या. डेल एकदा बूट जाळून बसला होता ती गोष्ट निघाली. शेवटी दोघं गोळ्या निवडायला बसली. एमेटने एक गोळी उचलली, हात लांब करून उजेडात धरली.

"हिला सुरकुती आहे."

व्हर्नाने ती घेतली, चष्मा नाकावर सरकवला, खिडकीशी नेली. बराच वेळ काही दिसेना. मग दिसली. केसाहूनही बारीक.

ती वळली. एमेट चष्म्याशिवायच पुढची गोळी निवडत होता, ओठांनी शीळ घालत.

व्हर्नाने सुरकुतलेली गोळी कढईत टाकली.

"हात साबणाने धू," ती म्हणाली. "सफरचंदाचा केक केलाय. आणि शिंगं नेतोस ती पुढच्या वर्षी धूळ पुसून परत आण. मागच्या खेपेस कोळ्यानं घर केलं होतं."

"तो कोळी तुझ्याच घरचा होता," एमेट म्हणाला आणि शिंगं काढायला स्टुलावर चढला.